परत उगवलेली दाढ

८ जानेवारी

मामा,

तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. आईने सांगितलंच असेल की तिची आकडे मोजणारी मुलगी सध्या पोरांचे दात मोजत फिरते आहे. हसून घे एकदा, मग पुढे वाच.

इथल्या एका न्यासाने दातांच्या दवाखान्याची गाडी चालवली आहे. ज्या वस्त्यांमध्ये दातांचा डॉक्टर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तिथल्या शाळांच्या फाटकाशी ती जाऊन उभी राहते. गेलं वर्षभर तिचं काम चाललं आहे. आता ती पुढे चालू ठेवायची की बंद करायची, हे न्यासाला ठरवायचं आहे, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न एकच आहे: या गाडीचा मुलांना खरोखर उपयोग आहे का? मी गाडीतले तक्ते तपासायचे, मग वर्गावर्गात जाऊन मुलांची तोंडं बघायची, आणि केलेलं काम जागेवर आहे का ते सांगायचं. दात ओळखायला मला रीतसर शिकवलं आहे. आता कुणी समोर हसलं की माझी नजर आधी दाढांवर जाते. लग्नाच्या वयाच्या बाईला हे बरं दिसत नाही, असं आईचं मत आहे.

मामा, ती गाडी तू बघायला हवी होतीस. बाहेरून अगदी पाव पोचवणाऱ्या गाडीसारखी, आणि आत पाऊल टाकलं की सगळं तुझ्या दवाखान्यातलं: आडवी होणारी खुर्ची, मान वाकवणारा दिवा, चूळ भरायचं भांडं, खालून गुरगुरणारं हवेचं यंत्र. माणसं दोनच. दारात नाव विचारून मुलांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवणारी मदतनीस ताई, आणि आत डॉक्टरबाई. उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो चष्मा, पण पोरांना वाटतं की आपण वैमानिक झालो.

काल एक लहान मुलगी खुर्चीत लटलटा कापत होती. डॉक्टरबाईंनी हत्यार उचललंच नाही. नुसता आरसा धरला आणि तिचे दात एकेक करून मोठ्याने मोजायला लागल्या. पाच-सहा झाल्यावर मुलगी कापायची थांबली आणि मग उघड्या तोंडाने स्वतःच मोजायला लागली. तिने आपली दाढ आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. "ही माझी आहे?" असं तिने इतक्या हळू विचारलं की मला गलबलून आलं. मी कोपऱ्यात वही घेऊन उभी होते आणि काय लिहायचं तेच सुचत नव्हतं.

तुला विचारायचं एवढंच की तपासताना मी कशाला जपू?

तुझी भाची

१४ जानेवारी

आकडेबाई,

चला, घराण्यात कुणीतरी माझ्या धंद्याची दखल घेतली. तुझी आई तर मला आजवर 'दात उपटणारा' याच पदवीने ओळखते, आणि तिचं फार चुकतही नाही. माझ्याकडे लोक यायचे तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. आयुष्यभर काढायचंच काम केलं. त्यामुळे दुखायच्या आधीच पोरांपर्यंत जाणारी गाडी, हे वाचून मी ते पान दोनदा वाचलं. तुझ्या मामीला मोठ्याने वाचूनही दाखवलं.

आता नीट ऐक. एक म्हणजे, डॉक्टर मुलाच्या समोरून बघतो, तेव्हा तुझी डावी बाजू ती त्याची उजवी. नवशिके इथेच तोंडघशी पडतात. दुसरं, पोरांच्या तोंडात भरलेलं सिमेंट कधी कधी निघून जातं. तेवढ्यावरून त्या बाईला सुळावर चढवू नकोस. दुधाचे दात तर आपले आपणच पडतात, त्यांचा हिशेब धरूच नकोस.

पण कायमची दाढ एकदा काढली की ती जागा रिकामीच राहते. तिथे पळवाट नाही. म्हणून आधी काढलेल्या दाढा बघ. तक्त्यात काढली म्हणून लिहिलेली दाढ आणि तोंडातली रिकामी जागा जुळली की समज, तक्ता लिहिणाऱ्याचा शब्द खरा आहे.

मामी विचारते आहे की तू वेळेवर जेवतेस का. मी तिला सांगितलं, जेवत असेल आणि घास किती वेळा चावला ते लिहून ठेवत असेल.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

तुझं ऐकलं आणि पस्तावले.

इथे पाचवीत एक मुलगी आहे. डोळे घारे, म्हणून सगळे तिला घारी म्हणतात. तिच्या तक्त्यात डॉक्टरबाईंच्या अक्षरात लिहिलं आहे की खालची डावी मोठी दाढ किडून पोखरली होती, काढली. मी तिच्या बाकाशी बसले, तोंड उघडायला सांगितलं आणि पाहिलं तर दाढ आहे. धडधाकट जागेवर आहे. तुझी सूचना आठवून दुसरी बाजू बघितली, तीही आहे. वर बघितलं, तिथेही सगळ्या आहेत. मी तिला विचारलं, तुझी दाढ काढली होती ना? तिने माझ्याकडे टक लावून बघितलं, तोंड मिटलं, आणि मग दातखिळी बसल्यासारखी गप्प राहिली.

मग मी त्याच शाळेतले बाकीचे तक्ते काढले. असं एकीचंच नाही, मामा. बऱ्याच मुलांच्या तक्त्यात जे भरलं म्हणून लिहिलं आहे तिथे भोकही नाही आणि सिमेंटही नाही. दातच कोरा. सिमेंट पडलं असतं तर खड्डा तरी दिसला असता ना? वस्तीतल्या दुसऱ्या शाळांमध्ये सगळं चोख जुळतं. हीच एक शाळा अशी.

मी डॉक्टरबाईंना नुसतं म्हटलं, या शाळेतली मुलं तुम्हीच परत एकदा बघाल का? त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आज हवेचं यंत्र बिघडलंय म्हणाल्या, उद्या बघू म्हणाल्या. उद्या म्हणजे आज, आणि आज त्या आल्याच नाहीत.

ज्या हातांकडे मी आ वासून बघत होते ते हात खोटं लिहीत असतील, हे माझ्या मनाला पटतच नाही. पण दाढ समोर आहे. मी कुणाला काही बोललेले नाही. तूही बोलू नकोस, फक्त सांग, असं होऊ शकतं का?

तुझी भाची

७ फेब्रुवारी

आकडेबाई,

होऊ शकत नाही. त्या दाढेच्या मागची दाढ पुढे सरकली असेल म्हणावं, तर ती येते बाराव्या वर्षाच्या आसपास आणि तुझी घारी असेल दहाची. चाळीस वर्षांत माझ्या हातून गेलेली एकही दाढ परत उगवली नाही.

तुला वाईट वाटतं ते मला कळतं. मलाही वाटलं. पण तू हळवी झालीस म्हणून दाढ नाहीशी होत नाही. बाई कामसू असतील, एका शाळेपुरता कंटाळा केला असेल, आकडा भरायला तक्ते रंगवले असतील. गरिबाच्या पोराच्या तोंडात कोण वाकून बघणार, असा हिशेब असतो अशा माणसांचा. माझं डोकं तापलं ते यासाठी.

आणि आता रागावू नकोस. न्यासाचा अध्यक्ष माझा शाळेतला बाकावरचा सोबती आहे, हे तुला सांगायचं राहिलं होतं. परवा त्याला फोन केला. हो, फोन केला, त्याचा आवाज खणखणीत आहे. तुझं नाव घेतलं नाही. त्या शाळेचे तक्ते आणि तोंडं जुळवून बघ, एवढंच म्हटलं. योग्य तेच केलं असं मला वाटतं.

मामा

२५ फेब्रुवारी

मामा,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर ते वाचणं तुला सोसलं नसतं. नको सांगितलं होतं ना? तुझ्या त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी गाडीला कुलूप लागलं. ती न्यासाच्या आवारात भिंतीला लागून उभी आहे आणि डॉक्टरबाईंना घरी बसवलं आहे. चौकशी होईपर्यंत, म्हणे.

आता राग बाजूला ठेवते, कारण जे सांगायचं आहे ते रागात सांगण्यासारखं नाही.

गाडी बंद झाल्याचं शाळेला कुणी कळवलंच नव्हतं. गाडी तिथे यायची होती त्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले. मागच्या नळापाशी मुलींची रांग होती. मला वाटलं, पाणी प्यायला. पण कुणी पीत नव्हतं. एकेक मुलगी पुढे यायची, नळाचं गार पाणी तोंडात घ्यायची आणि गाल फुगवून उभी राहायची. समोर घारी. ती प्रत्येकीच्या डोळ्यांकडे बघत होती. काहींनी पाणी आरामात धरलं, त्यांना तिने बाजूला केलं. एकीचे डोळे भरून आले, तिला पुढे उभं केलं.

शाळेच्या मागची भिंत एका ठिकाणी पडली आहे. पलीकडे भंगाराचं आवार. तिथे बाटल्या आणि पत्रे निवडणारी मुलं आहेत, शाळेत न येणारी. त्या खिंडारातून दोन मुली आत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. कुणी हटकलं नाही. त्यातल्या एकीने पाणी तोंडात घेतलं मात्र, ती कळवळून खालीच बसली. घारीने रांगेतल्या एका मुलीला बोलावलं आणि सांगितलं, उद्या तुझं नाव पुकारतील तेव्हा ही जाईल, तुझे कपडे हिला दे. त्या मुलीने मान हलवली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतही पाणी होतं, मामा, पण कमी होतं.

बाजूला केलेल्या एका मुलीला गाठून मी विचारलं, तेव्हा सगळं कळलं.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा आवारातली मुलं पायरीपर्यंत आली होती आणि नियमाप्रमाणे परत पाठवली गेली होती: शाळेच्या यादीत नाव असेल तरच. मग यांनी आपला मार्ग काढला. शाळेचे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंड उघडं. कोण कुणाला ओळखणार? दुखणं कुणाचं जास्त हे ठरवायला नळ, आणि निकाल द्यायला घारी. तिचा निकाल कुणी मोडत नाही.

मी पुढे झाले तेव्हा घारी पळाली नाही. मी विचारलं, तुझी दाढ काढली म्हणून लिहिलंय ती कुणाची? तिने खिंडाराकडे हात केला. तिथे एक गोल चेहऱ्याची मुलगी पोतं ओढत होती, तिला सगळे गोटी म्हणतात. मी जवळ गेले आणि काही सांगायच्या आत गोटीने तोंड उघडलं. सराईतपणे, हनुवटी वर करून. खालची डावी मोठी दाढ नव्हती. हिरडी छान भरून आली होती.

मग आवारातली बाकीची पोरंही आली आणि आपणहून तोंडं उघडून उभी राहिली. शाळेत मला न सापडलेलं सगळं काम तिथे होतं. पत्र्यांच्या ढिगांमध्ये, कधी शाळेत न बसलेल्या मुलांच्या तोंडांत, डॉक्टरबाईंनी भरलेल्या दाढा उन्हात चमकत होत्या. मी एका उलट्या डब्यावर बसले आणि रडले. पोरं गोंधळली. त्यांना वाटलं माझे दात दुखताहेत.

घारीला विचारलं, तुझी पाळी तू का सोडलीस? तिला प्रश्नच विचित्र वाटला.

"तिला जास्त दुखत होतं," ती म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत मी डॉक्टरबाईंच्या घरी पोचले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की आपल्याला चेहरे लक्षात राहत नाहीत, तोंडं राहतात. गेले काही महिने त्या शाळेत नाव ओळखीचं आणि तोंड अनोळखी असं व्हायचं. स्वतः भरलेला दात पुढच्या खेपेला कोरा दिसायचा. त्यांना वाटलं आपली स्मृती चालली. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. मी परत तपासायला सांगितलं तेव्हा त्या घाबरल्या त्या चोरी पकडली जाईल म्हणून नाही, आपल्या हातून आता हे काम सुटणार म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आवारात नेलं. त्यांनी गोटीच्या तोंडात डोकावून पाहिलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. "हे माझं आहे, हेही माझंच," असं म्हणत त्या नुसत्या फिरत होत्या. सुटकेने इतकं हलकं झालेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

आता माझी अडचण बघ. खरं लिहिलं तर अध्यक्ष म्हणणार, बाहेरची मुलं घुसवली, नियम मोडला, गाडी बंद. नाही लिहिलं तर बाई खोट्या ठरतात. शिवाय मी आकडेवाली. मी दहा वेळा सांगितलं तरी तो विचारेल की दातातलं तुला काय कळतं. कुणीतरी जाणत्याने शाळेतलं आणि आवारातलं प्रत्येक तोंड बघून, तक्त्याशी लावून, खाली सही करायला हवी.

ये. मामीला घेऊन ये हवं तर. पण ये.

तुझी भाची

१९ मार्च

बाळ,

तुला आकडेबाई म्हणायचं आज धाडस होत नाही. काल घरी पोचलो. तू अहवाल घेऊन पुढे गेलीस आणि मी तुझ्यामागून अध्यक्षाकडे गेलो, तेव्हा आपली गाठ पडली नाही. म्हणून सगळं लिहून पाठवतो.

डॉक्टरबाईंची माफी मी तुझ्यासमोर मागितलीच होती. तुझ्या पाठीमागे आणखी एकदा मागितली. त्या म्हणाल्या, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

तोंडं आणि तक्ते जुळवण्यात आपले इतके दिवस गेले, पण तुला एक सांगायचं राहिलं. नळाच्या पाण्याची ती परीक्षा आम्हाला कॉलेजात शिकवतात. दाताची नस जिवंत आहे की नाही, ते गार लावून बघायचं. मला ते पुस्तकातून पाठ करावं लागलं होतं. या पोरींनी ते एकमेकींच्या डोळ्यांत बघून शोधून काढलं. मी रोज सुट्टीत जाऊन नळापाशी उभा राहायचो, ते यासाठी. वर्गातल्या बाईंना वाटायचं म्हाताऱ्याला तहान फार लागते.

अध्यक्षाने अपेक्षेप्रमाणे नियमाचं पालुपद लावलं. मी त्याच्यापुढे दाताच्या कण्या केल्या. म्हटलं, कौतुक राहू दे, यातला धोका आधी समजून घे. एखाद्या पोरीला भुलीचं औषध सोसत नाही असं तिच्या कागदावर असतं आणि खुर्चीत दुसरीच पोर असते. आजवर काही झालं नाही हे आपलं नशीब. हे थांबवायचं तर भिंत बुजवून थांबणार नाही, आवारातल्या पोरांची नावं यादीत घालून थांबेल. त्यांच्या आईबापांना विचारून, त्यांच्या स्वतःच्या नावाने. तो बराच वेळ तुझा अहवाल चाळत बसला. शेवटी म्हणाला, सोमवारपासून गाडी काढा, आणि आवारातली नावं मला आणून द्या. डॉक्टरबाईंच्या नावावरचा ठपका त्याने माझ्यासमोर लेखी काढला.

हे तुला एव्हाना कळलं असेलच. आता जे कळलं नसेल ते.

तू तक्त्यांच्या नकला आणायला गेलीस त्या दुपारची गोष्ट. डॉक्टरबाई भंगाराच्या आवारात होत्या आणि तपासणीपुरत्या शाळेच्या फाटकाशी आणलेल्या गाडीत मी एकटाच हत्यारं पुसत बसलो होतो. घारी पायरी चढून आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने आपल्या हाताने काळा चष्मा चढवला, खुर्चीत आडवी झाली आणि खालच्या डाव्या दाढेवर बोट ठेवून म्हणाली, ही काढा.

मी दिवा ओढला. दाढेला वरून बारीकसा खड्डा होता, सिमेंट भरलं की मिटलं. मी विचारलं, दुखते? नाही म्हणाली. गार लागतं? थोडं. मग काढायची कशाला? गप्प. मी म्हटलं, बाळा, ही दाढ तुला म्हातारपणापर्यंत पुरेल, मी काढणार नाही. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि उठेचना. मी परत परत विचारलं. शेवटी छताकडे बघत बोलली.

"कागदावर काढली म्हणून लिहिलंय ना. तुम्ही काढलीत की डॉक्टरबाईंचं खरं होईल. मग गाडी येईल."

मी आरसा खाली ठेवला. तिला भीती वाटत होती, मी बघत होतो, तिच्या गळ्याची शीर उडत होती. तरी तोंड तिने मिटलं नव्हतं. मी इतक्या लोकांच्या तोंडात वाकलो, राजीखुशीने आलेला त्यातला एकही आठवत नाही, आणि ही पोर आपली जिवंत दाढ मला द्यायला आली होती.

मी तिला सांगितलं की कागद आम्ही दुरुस्त करतो आहोत, त्यासाठी तुझी दाढ नको. तिने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतोय का ते ती बघत होती, जशी ती नळापाशी बघते. बराच वेळ बघितलं तिने. मग चष्मा खाली केला आणि म्हणाली, बरं, मग भरा.

मी डॉक्टरबाईंना हाक मारली. त्यांनी दाढ भरली, मी दिवा धरला. मधून मधून मला दिसेनासं होत होतं, तेव्हा त्याच सांगायच्या, मामा, दिवा इकडे.

पोरीचं गुपित म्हणून हे अहवालात घालू नकोस, असं लिहिणार होतो. रात्रभर विचार केला आणि आता वेगळं वाटतं. तिचं टोपणनावसुद्धा लिहू नकोस, पण बाकीचं सगळं पुरवणी जोडून पाठव, आणि ती पुरवणी आकड्यांच्या आधी लाव. या गाडीचा मुलांना उपयोग आहे का, असं त्यांनी विचारलं होतं ना?

मामा